व्हॅलीची पाळी

बाळासो जाधवांना मूलबाळ नाही, ही बातमी सगळ्यांत आधी त्यांच्याच मुलाला कळली.

शिवतेज तेव्हा ट्रॅक्टरवर होता. फोन वाजला म्हणून त्यानं इंजिन बंद केलं. पलीकडून एका मुलीनं साखर पेरल्यासारख्या आवाजात विचारलं, "बाळासाहेब जाधव सरांना मुलं नाहीत, बरोबर ना? फक्त खात्री करून घेते."

शिवतेजनं सरीकडं बघितलं, बांधाकडं बघितलं. मग म्हणाला, "कोण म्हणलं?"

"सरांनी स्वतःच सांगितलंय. आपण त्यांचे कोण?"

शिवतेजनं बराच विचार केला. बापानंच नाही म्हटल्यावर आपण स्वतःला काय म्हणवून घ्यावं, हा प्रश्न त्याच्यापुढं आजवर आला नव्हता.

"मी शेजारी," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता हा फोन का आला हे सांगायचं तर मिक्सरपासून सुरुवात करावी लागते. बाळासो कोल्हापूरला चपला घ्यायला गेले होते. दुकानाबाहेर एका मुलीनं आग्रह केला म्हणून त्यांनी कुपन भरलं. थोड्या दिवसांनी फोन आला, तुम्हाला मिक्सर लागलाय, पण तो न्यायला साताऱ्याच्या हॉटेलात जोडीनं यावं लागेल. जोडी गेली. थंडगार खोलीत बसवून एका टायवाल्या माणसानं त्यांना पडद्यावर समुद्र दाखवला, डोंगर दाखवले, आणि शेवटी म्हणाला, "काका, सभासद व्हा."

इथंच घात झाला. कृष्णाकाठच्या माणसाला विका म्हटलं तर तो विचार करतो, घ्या म्हटलं तर त्याहून जास्त विचार करतो. पण सभासद व्हा म्हटलं की त्याचा हात आपोआप सहीला जातो. बाळासो कारखान्याचे सभासद होते, सोसायटीचे होते, दूध डेअरीचे होते, पाणीपुरवठा संस्थेचे होते आणि एका पतसंस्थेचेही होते, जी आता नव्हती. संध्याकाळी ते उंब्रजला एसटीतून उतरले ते 'सुखवस्ती हॉलिडे क्लब'चे पंचवीस वर्षांचे सभासद होऊन. दर वर्षी एक आठवडा कोकणातल्या समुद्राकाठच्या एका खोलीवर त्यांचा हक्क. जमलं नाही तर तो आठवडा क्लबात जमा करायचा आणि दुसऱ्या ठिकाणचा दुसरा आठवडा घ्यायचा. मिक्सर घरपोच येणार होता. तो अजून वाटेत आहे.

विजयमालाबाईंनी मिक्सरवरून आदळआपट केली नाही. माळवाडीला परत येईपर्यंत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. घराचं कुलूप काढता काढता म्हणाल्या, "मिक्सर न्हाई तर न्हाई. आठवडा तर घेऊया. पण आपण दोघंच. लेक न्हाई, सून न्हाई, नात न्हाई. आन् तितं मला कुणी आई म्हणून हाक मारायची न्हाई. तुमीबी न्हाई."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं, कारण लग्न झाल्यावर बाळासोंनी बायकोला 'अगं ए' म्हटलं आणि शिवतेज झाल्यावर 'शिवतेजच्या आई'. त्या घरात 'आई' ही हाक नव्हती, चौकशी होती. तिच्यामागं नेहमी 'कुठं ठेवलंय' असे. आई, पान्हा कुठं ठेवलाय. आई, रेशनकार्ड कुठं ठेवलंय. आई, नातीचा दुसरा मोजा. इस्लामपूरला दिलेली लेक तिच्या घरातली डाळ कुठं आहे हेही फोनवर आईला विचारी, आणि नवल म्हणजे आई सांगे. लग्नाला पस्तीस वर्षं होत आली होती. दोघंच म्हणून ती कुठं गेली होती तर एकदा मिरजेच्या दवाखान्यात, आणि तिथंही नणंद सोबत होती.

विजयमालाबाई जी गोष्ट दहादा बोलत ती विसरली तरी चाले. ही त्या एकदाच बोलल्या. बाळासोंना यातला फरक ठाऊक होता.

पहिलाच फोन केला तेव्हा क्लबातल्या राजनंदिनी नावाच्या मुलीनं सांगितलं, "सर, तुमचा ब्लू वीक आहे." निळा आठवडा म्हणजे भर पावसाळा, आणि भर पावसाळ्यात ती समुद्राकाठची खोली बंद असते असं निघालं. ज्या आठवड्यात खोली बंद त्याच आठवड्याचा हक्क, हे बाळासोंना नवीन नव्हतं. वीज मंडळ त्यांना अशीच वीज देत आलं होतं.

हा पेच त्यांनी आप्पासोंना सांगितला. आप्पासो पाणीपुरवठा संस्थेचे पाटकरी, म्हणजे कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि निकाल दिला.

"बाळासो, ही तर पाळी हाय रं."

माळवाडीत पाळी म्हणजे पाण्याची पाळी. नदीतून लिफ्टनं उचललेलं पाणी ज्याला त्याला ठरल्या दिवशी मिळतं. एखाद्याच्या घरी लग्न निघालं तर तो आपली पाळी शेजाऱ्याला देतो आणि त्याची आपण घेतो. त्याला कागद लागत नाही. 'तुझी मला, माझी तुला' एवढं बांधावर बोललं की झालं. भाऊ भावाला जमीन नाकारतो, पण बोललेली पाळी कुणी नाकारत नाही.

बाळासोंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस जे त्यांना हॉलिडे, एक्स्चेंज, डिपॉझिट अशा शब्दांत कळत नव्हतं ते एका शब्दात कळलं. कळलं ते इतकं की पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

निवड करायची वेळ आली तेव्हा गावानं मदत केली. शेजारचे लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांना केरळचं बॅकवॉटर म्हटल्यावर हसू आलं. "आरं, बॅकवॉटर कोयनेला हाय की! पाणी त्ये पाणी. केरळात काय गोड लागतंय?" विजयमालाबाईंकडं परसापलीकडच्या लीलाबाई आल्या. त्यांनी दारातच विचारलं, "विजे, तितं सैपाक कोण करणार?"

"ते करत्यात."

"आन् तू?"

"मी जेवणार."

"आन् मग?"

"मग काय न्हाई. जेवणार."

लीलाबाई उंबऱ्यावर टेकल्या. बराच वेळ त्या गोष्टीचा विचार करत बसल्या आणि चहा न घेता घरी गेल्या.

शेवटी डिसेंबरातलं केरळ ठरलं. ठरलं आणि चिटबॉय येऊन गेला. चिटबॉय म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस. पेन्शनीला आला तरी त्याला बॉयच म्हणतात. तो म्हणाला, "आण्णा, तुमचा नंबर डिसेंबरात लागंल बगा." तोड आली आणि मालक केरळात, असं घडलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. बाळासोंनी लगेच क्लबाला फोन लावला. राजनंदिनीनंच उचलला.

"ताई, माझी पाळी पुढं ढकलायची हाय."

राजनंदिनी पुण्यात वाढलेली मुलगी. ती थोडी थांबून म्हणाली, "सर, आपण मॅडमबद्दल बोलताय का?"

"मॅडमची येगळी न्हाई. आमची दोघांची एकच पाळी हाय."

पलीकडं काहीच ऐकू येईना. बाळासोंना वाटलं, रेंज गेली. ते अंगणात येऊन मोठ्यानं बोलू लागले. "डिसेंबरात आली म्हंजे लय घोटाळा हुतोय. जानेवारीपत्तर थांबवा. कारखान्याच्या माणसाला इचारलंय मी, तो म्हणतोय चालंल."

"कारखान्याचा माणूस?"

"व्हय. आमच्याकडं त्येच्याच हातात असतंय सगळं."

फोनमध्ये बासरी वाजायला लागली. ती बराच वेळ वाजली. मग एका पुरुषाचा आवाज आला, "काका, गाव कुठलं तुमचं?"

"माळवाडी. उंब्रजजवळ."

"आवं, मग लिफ्टची पाळी म्हणा की!" तो इस्लामपूरकडचा निघाला. त्यानं केरळ काढून जानेवारीतली उटी दिली. बाळासोंचं काम झालं. मात्र त्यानंतर त्यांचा फोन लागला की मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसायचं. पुण्यातल्या माणसांना थंड खोल्यांचा त्रास होत असावा, असं त्यांनी मनात धरून ठेवलं.

उटीची नोंद पुरी करताना राजनंदिनीनं विचारलं, "किड्स किती, सर?"

बाळासोंनी स्वयंपाकघराकडं बघितलं. भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"न्हाईत."

"एकही नाही?"

"एकबी न्हाई," ते त्या बाजूला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "आमी दोघंच."

"सॉरी, सर," राजनंदिनीचा आवाज हळवा झाला.

"सॉरी कशापायी? लय बरं हाय!"

भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला. बाळासोंना वाटलं, आपण बायकोचा शब्द राखला. आणि क्लबाला वाटलं, एवढ्या दुःखाची खात्री फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरावर फोन करून घ्यावी. तो दुसरा नंबर शिवतेजचा होता.

शेजारी म्हटल्यावर शिवतेज शेजाऱ्यासारखाच वागू लागला. संध्याकाळी घरात शिरण्याआधी तो दारात खाकरला. "जाधवकाका हायत का घरात?" त्यानं विचारलं. बाळासोंनी चहाची बशी खाली ठेवली.

"आरं, काय झालं तुला?"

"मला काय हुतंय? आमी आपलं बांधापलीकडचं. ज्येला लेकरं न्हाईत त्येची इचारपूस करावी, म्हणून आलो."

सुनेनं, रेश्मानं, हे ऐकलं आणि माहेरी तासगावला फोन लावला. फोन लावताना ती परसात होती आणि परसापलीकडं लीलाबाई होत्या. सकाळपर्यंत गावात असं झालं की बाळासोंनी पोराला बेदखल केलं. दुपारपर्यंत असं की जमीन हॉलिडे क्लबाच्या नावावर गेली. आणि आप्पासोंनी संस्थेच्या पायरीवर बसून, क्लब सभासद झाला तर त्याला पाणी द्यायचं का नाही, याचा विचारही सुरू केला.

रेश्माचे वडील गुंडाभाऊ तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. ते दुसऱ्या दिवशी जीप घेऊन मध्यस्थीला आले. येताना बेदाण्याची पेटी आणली होती, कारण भांडण कुठल्याही वळणावर गेलं तरी पेटी उपयोगी पडते. सोप्यात बसल्या बसल्या त्यांनी मूठभर बेदाणा तळहातावर पसरला.

"पाव्हणं," ते म्हणाले, "हिरवा असू द्या, पिवळा असू द्या, दाणा गोड हाय का न्हाई ते बघायचं. आमचा जावई रंगानं जरा डावा आसंल, पर माल एक नंबर हाय. असा माल कोण बाजूला काढतंय व्हय?"

"मी कुटं बाजूला काढलाय!" बाळासो म्हणाले. "आवं, पाळी हाय ती. दोघांचीच खोली हाय. पोरीनं इचारलं पोरं किती, मी म्हणलं न्हाईत. खोलीत न्हाईत! जगात न्हाईत असं म्हणलोय का मी?"

हे समजायला अर्धी पेटी लागली. समजल्यावर मात्र गुंडाभाऊंचा चेहरा उजळला. "म्हंजे नुसतं फिरायला व्हय! मग आमीबी दोघं येतो की. तेवढीच सोबत हुईल. प्रांजललाबी घेऊ, आज्ज्याबरुबर नात."

बाळासो पाहुण्यांना नाही म्हणू शकत नसत. त्यांच्या घराण्यात ते कुणालाच जमलेलं नव्हतं. त्यांनी 'या की' म्हणायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात विजयमालाबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"पाव्हणं, आला असता तर बरंच झालं असतं," त्या कप देत म्हणाल्या. "पर तितं लेकरं असल्याली माणसं घेत न्हाईत."

गुंडाभाऊंनी चहा पिऊन तासगाव गाठलं. शिवतेजची समजूत विजयमालाबाईंनी त्यांच्या पद्धतीनं काढली. "आमी गेल्यावर फोन करायचा न्हाई. काय सापडलं न्हाई तर हुडकायचं. हुडकून सापडलं न्हाई तर त्येच्यावाचून ऱ्हायचं."

"आन् लयच नड आली तर?"

"शेजाऱ्याला इचारायचं."

जानेवारी उजाडला आणि चिटबॉय पुन्हा आला. टोळीतली माणसं कमी पडली होती, तोड लांबली होती. आता ती उटीच्या आठवड्यातच येत होती. बाळासोंनी उटी सोडली. सोडताना त्यांना ती कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं, कारण मधल्या काळात त्यांनी गावात सगळ्यांना उटीची थंडी सांगून ठेवली होती. विजयमालाबाईंनी भरलेली पिशवी रिकामी केली, पुन्हा कपाटावर ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. बाळासोंना त्यापेक्षा चार शब्द परवडले असते.

त्यांनी राजनंदिनीला सांगितलं, "ताई, आता जी आसंल ती पाळी दे. न्हाईतर माझं काय खरं न्हाई."

राजनंदिनीनं बराच वेळ खाटखाट बटणं दाबली. "सर, वर्षाअखेरीपर्यंत एकच आहे. कृष्णा व्हॅली. नवीन आहे, फक्त जोडप्यांसाठी. व्हॅली-फेसिंग रूम."

"लांब हाय का?"

"सर, तिथं गेलं की सगळ्यांपासून लांब आल्यासारखं वाटतं."

एवढ्यावर बाळासोंनी पाळी घेतली. कृष्णा या नावावरून त्यांना काही सुचलं नाही, यात त्यांचा दोष नव्हता. त्या भागात दर चौथ्या दुकानावर कृष्णा असते. त्यावरून ठिकाणं शोधायला लागलं तर माणूस वेडा होईल. लक्ष सगळं 'व्हॅली' या शब्दावर गेलं, आणि व्हॅलीबद्दल गावात एकच माणूस अधिकारानं बोलू शकत होता.

"व्हॅली?" लालासाहेब उभेच राहिले. "व्हॅली एकच आसती गड्या. वर, बॉर्डरला. हड्डी गोठती हड्डी!" त्यांनी घरातून आपला फौजेतला जाड पारका कोट आणला, माकडटोपी आणली आणि बाळासोंच्या हातात देऊन सॅल्यूट ठोकला.

उटीचा आठवडा गेला तरी तोड आली नव्हती, पण ही पाळी सोडायची आता बाळासोंची छाती नव्हती. क्लबाची गाडी साताऱ्याच्या स्टँडवरून मिळणार होती. तेव्हा फेब्रुवारीतल्या एका दुपारी उंब्रजला एसटी धरून दोघं साताऱ्याला गेले. स्टँडवर उसाचा रस पिणारी माणसं हातात पारका घेऊन उभ्या असलेल्या बाळासोंकडं बघत होती. बाळासो वर बघत होते. गाडी आली. तिच्या काचा काळ्या होत्या आणि आत एवढं गार होतं की कोट आणल्याचं पहिल्यांदाच सार्थक झालं. तो अंगात घालून ते बसले.

गाडी हायवेला लागली. नागठाणं गेलं, अतीत गेलं.

"आवं," विजयमालाबाई म्हणाल्या, "ही काशीळ न्हवं?"

"आसंल. सगळं जग ह्याच हायवेनं जातंय. पुढं कर्नाटक लागंल, मग बघ."

उंब्रज आलं. ज्या थांब्यावरून दुपारी त्यांनी एसटी धरली तो थांबा डाव्या हाताला गेला. तिथं दुपारचाच माणूस अजून पेरू विकत होता. गाडी हायवे सोडून खाली उतरली.

"डिझेल भरायचं आसंल," बाळासो म्हणाले.

डिझेल भरलं नाही. माळवाडीचा फाटा आला. गाडी फाट्याला न वळता थोडी पुढं जाऊन नव्या घाटरस्त्यानं चढू लागली. बाळासोंनी माकडटोपी काढली.

"डोंगर आपल्या भैरोबाच्या डोंगरावानीच दिसतोय," ते शेवटी म्हणाले.

"त्योच हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. "मागली बाजू हाय. मी लाकडाला यायची हितं."

बाळासोंना आयुष्यात बियाण्यानं फसवलं होतं, खतानं फसवलं होतं, पतसंस्थेनं तर फारच. पण आपलाच डोंगर त्यांना अजून कुणी विकला नव्हता. गाडी माथ्यावर जाऊन थांबली. समोर काचेचं दार, कारंजं आणि 'कृष्णा व्हॅली' अशी पाटी. डोंगराच्या या बाजूला माळवाडीचं कुणी वर्षानुवर्षं फिरकलं नव्हतं. काहीतरी हॉटेल होतंय, एवढंच सगळ्यांनी ऐकलं होतं.

"चल," बाळासो खाली मान घालून म्हणाले. "पायवाटेनं उतरलं तर अंधार पडायच्या आत घरात. सांगू, गाडी बिघाडली म्हणून."

विजयमालाबाईंनी पिशवी उचलली. "तुमी जावा," त्या म्हणाल्या. "मी लय लांब आलीया."

आणि त्या काचेच्या दारातून आत गेल्या.

आत पाण्याचा ट्रे घेऊन आला तो माळवाडीचाच कृष्णात, 'कुठल्याशा हॉटेलात लागलाय' एवढंच गावाला ठाऊक असलेला. त्याच्या लग्नात विजयमालाबाईंनी पुरणाच्या पोळ्या लाटल्या होत्या. "काकू! तुमी हितं?"

"मी काकू न्हाई, गिऱ्हाईक हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. "आन् तू मला बघितलं न्हाईस."

"न्हाई बघितलं, काकू."

"कोण?"

"मॅडम," कृष्णात म्हणाला.

सकाळी पडदा सारला तर समोर कृष्णेचं वळण, त्याच्या कडेनं ऊस आणि उसाच्या अलीकडं माळवाडी. पांढरी पाण्याची टाकी, देवळाचा कळस, आणि निळ्या पत्र्याचं एक घर. खोली व्हॅलीकडं तोंड करून होती, त्यात क्लबानं काडीचं खोटं सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या, दोन्ही बाजूंनी उघड्या गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या होत्या. विजयमालाबाई एकीवर बसल्या. कृष्णातनं पोहे आणून दिले. त्या हळूहळू, एकेक शेंगदाणा चावून खात होत्या. खाली निळ्या पत्र्याच्या घरातून शिवतेज बाहेर आला, शेडात गेला, बाहेर आला, पुन्हा शेडात गेला.

"पान्हा हुडकतोय," त्या म्हणाल्या. "कणगीमागं हाय." आणि लिंबाची फोड पिळली.

बाळासोंना पोहे जाईनात. हाकेच्या अंतरावर स्वतःचं घर असताना परक्या खुर्चीवर बसून राहणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. शिवाय बायकोला हाक कशी मारायची हा पेच होताच. आई म्हणायचं नाही, नाव घ्यायची सवय नाही. नाव शेवटचं घेतलं ते लग्नात, तेही उखाण्यातून. आदल्या संध्याकाळी आंघोळीला टॉवेल हवा होता तेव्हा ते दाराआडून नुसतेच खाकरत राहिले, आणि बराच वेळ दखल न मिळाल्यावर म्हणाले, "मॅडम, टॉवेल." टॉवेल लगेच मिळाला होता.

असे दिवस जात होते. विजयमालाबाई जेवत होत्या, झोपत होत्या, उठून पुन्हा जेवत होत्या. त्यांचा फोन पिशवीत वाजे, आपोआप थांबे. आणि एका सकाळी बाळासो खुर्चीवरून ताडकन उठले. खाली त्यांच्या उसाच्या कडेला दोन ट्रॅक्टर येऊन उभे राहिले होते. कोयते घेतलेली माणसं उतरत होती.

"तोड आली!" ते ओरडले. "माझी तोड आली! जिच्यापायी केरळ गेलं, उटी गेली, ती आत्ता आली!" ते चपला शोधू लागले. "मी उतरतो. दुपारच्याला म्हागारी येतो."

विजयमालाबाई उठल्या नाहीत. त्यांनी हातातला कप फक्त खाली ठेवला.

"जावा की," त्या म्हणाल्या. "पर कुणी इचारलं कुटनं आला, तर काय सांगणार? व्हॅलीतनं, चालत?"

बाळासोंच्या डोळ्यांपुढं लालासाहेब आले, सॅल्यूट आला. एक चप्पल पायात आणि एक हातात, असे ते कठड्याशी थांबले. मग खिशातून फोन काढला.

"शिवतेज, तोड आली व्हय रं?"

"आण्णा! तुमाला कुणी सांगितलं? आत्ता टोळी उतरलीया."

"अंदाज हाय माझा. नदीकडनं सुरू कर म्हणावं, वरनं नगं."

"वरनंच लावल्यात."

"त्ये दिसतंय मला." बाळासो थांबले. "म्हंजे, तसं वाटतंय."

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडं बघून मान हलवली. पण ऊस आपला, तोड आपली. माणसाच्यानं किती राहवणार?

"आन् त्यो सायकलवाला वाढ्याचा भारा बांधून न्ह्यायलाय, त्येला थांबीव! म्हसरास्नी आपल्या काय घालणार हाईस? आन् टॉवेल बांध डोक्याला, ऊन लागंल."

खाली उसाच्या कडेला उभ्या असलेल्या एका लहानशा माणसानं आपल्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला. मग तो जागच्या जागी हळूहळू वळू लागला. त्यानं नदीकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, आणि मग मान वर करून डोंगराकडं बघितलं.

"आण्णा," त्यानं विचारलं, "व्हॅली नेमकी कुटं आली म्हणायची?"

विजयमालाबाईंनी हात पुढं केला आणि फोन काढून घेतला.

"आण्णा? कोण हाय? आई, तू हाईस का? आई, पान्हा कुटं—"

"राँग नंबर हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. "हितं ज्यी माणसं ऱ्हात्यात त्यास्नी मूलबाळ न्हाई."

त्यांनी फोन बंद केला, पारका कोटाच्या खिशात टाकला आणि कृष्णातला आणखी एक चहा सांगितला. बाळासोंनी पायातली चप्पल काढली.

खाली शिवतेजनं खांद्यावरचा टॉवेल घेऊन डोंगराच्या दिशेनं दोनदा हलवला. मग तो नीट डोक्याला बांधला आणि शेजाऱ्याच्या कामाला लागावं तसा सायकलवाल्याकडं वळला. विजयमालाबाईंनी खुर्ची उचलून फिरवली आणि गावाकडं पाठ केली. समोर आता नुसती डोंगराची मागली बाजू होती. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. चहा संपेपर्यंत त्या ते बघत बसल्या.